स्पर्शाचे मोल जाणणारे गाडगेबाबा

मुंबई-हावडा लोहमार्गावर अकोला आणि बडनेरा यांच्या दरम्यान मूर्तिजापूर हे जंक्शन लागते. येथून एके काळी एका बाजूस यवतमाळकडे आणि दुसऱ्या बाजूस अचलपूरकडे शकुंतला ही छोटी गाडी सुटत असे. आता ती गाडी बंद पडली आहे. परंतु वऱ्हाडातील जुन्या माणसांना मूर्तिजापूर म्हटले की गाडीच्या आधी आणखी एक नाव आठवते, ते संत गाडगेबाबांचे. बाबांचे बालपण याच तालुक्यातील दापुरे या गावी गेले आणि पुढे मूर्तिजापुरातच त्यांनी गोरक्षण, धर्मशाळा आणि विद्यालय उभे केले.

हाती खराटा घेऊन गाव झाडणारा संत ही गाडगेबाबांची ओळख महाराष्ट्राच्या मनात पक्की झाली आहे. ती खरीच आहे, परंतु पुरेशी नाही. बाबांच्या अन्नछत्रांत, धर्मशाळांत आणि यात्रांतील पंगतींत एक वर्ग नेहमी असे. तो वर्ग महारोग्यांचा, म्हणजे आजच्या भाषेत कुष्ठरुग्णांचा. ज्यांना देवळाच्या पायरीखाली आणि गावाच्या शिवेबाहेर बसवले जाई, त्यांना बाबांनी पंगतीत बसवले. हा आजार शरीरात नेमके काय करतो, हे वैद्यकाने उलगडल्यानंतर बाबांच्या या कामाचे मोल अधिकच कळते. म्हणूनच त्यांचे चरित्र या अंगाने पुन्हा पाहण्याजोगे आहे.

शेणगाव ते दापुरे

डेबूजी झिंगराजी जाणोरकर हे बाबांचे मूळ नाव. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी दारूच्या व्यसनापायी अकाली गेले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी, दापुऱ्याला आली. मामाच्या घरी डेबू गुरे राखू लागला, नांगर धरू लागला, पूर्णेच्या पुरात पोहू लागला आणि रात्री भजनात रमू लागला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. पुढे सावकाराच्या कर्जात मामांची जमीन गेली. अडाणी माणसाला कागदावरचे अक्षर कसे लुबाडते, हे त्याने घरातच अनुभवले. शिक्षणाविषयी बाबांनी आयुष्यभर जो आग्रह धरला, त्याचे मूळ या प्रसंगात आहे, असे म्हणावे लागेल.

१८९२ मध्ये त्यांचा विवाह कुंताबाईंशी झाला. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटणाचे जेवण न देता त्यांनी गोड जेवण घातले. त्या काळी बिरादरीच्या विरोधात जाण्याचे हे धाडस लहान नव्हते. संसार मार्गी लागत असतानाच १ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. पुढची बारा वर्षे ते अज्ञात भटक्यासारखे गावोगाव फिरत राहिले.

अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात मातीचे गाडगे आणि खराटा असा त्यांचा वेष होता. हा वेष पाहून लोक त्यांना वेडा समजत, भिकारी समजत, हाकलून देत. गावात शिरायचे, न सांगता गाव झाडायचे, अंगमेहनतीचे काम करायचे आणि त्याच्या मोबदल्यात मिळेल ती भाकर गाडग्यात घेऊन खायची, असा त्यांचा क्रम होता. त्या गाडग्यावरूनच त्यांचे नाव पडले. दारातून हाकलले जाणे म्हणजे काय, हे त्यांनी या बारा वर्षांत अंगावर घेतले. समाजाने बाहेर टाकलेल्या माणसाशी त्यांचे जे नाते जुळले, ते कुणा ग्रंथातून आलेले नव्हते.

ऋणमोचनची पंगत

भातकुली तालुक्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन हे तीर्थस्थान आहे. तेथे मुद्गलेश्वराचे मंदिर असून पौष महिन्यातील रविवारी यात्रा भरते. बाबांच्या सार्वजनिक कार्याचा आरंभ येथूनच झाला. यात्रेकरूंना नदीच्या चिखलातून चढउतार करावी लागे, म्हणून १९०८ मध्ये येथे घाट बांधण्यात आला. याच यात्रेत बाबा आंधळ्या, पांगळ्या आणि महारोग्यांना जेवू घालत, त्यांना वस्त्रे देत.

त्या काळातील यात्रा डोळ्यांसमोर आणली म्हणजे या पंगतीचा अर्थ ध्यानात येतो. तीर्थाच्या वाटेवर दुतर्फा महारोगी बसलेले असत. येणारा जाणारा लांबूनच पैसा टाकी आणि पुण्य जोडी. त्या पैशात दया होती, पण जवळीक नव्हती. या रोगाला लोक रक्तपिती म्हणत आणि तो पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानला जाई. त्यामुळे रोग्याला रोगाचे दुःख आणि पापाचा कलंक असे दोन भार वाहावे लागत. बाबांच्या कीर्तनाने नेमका या दुसऱ्या भारावर घाव घातला. देवाला नवस करणे, बोकड कापणे, कर्ज काढून तीर्थयात्रा करणे यांची ते श्रोत्यांना प्रश्न विचारत विचारत रेवडी उडवत आणि शेवटी भुकेल्याला अन्न देण्याकडे बोट दाखवत. त्यांच्या उपदेशाचे सार म्हणून जी दहा कामे सांगितली जातात, त्यांत भुकेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यांना वस्त्र, मुलांना शिक्षण, बेघरांना आसरा यांच्या जोडीने आंधळ्या, पांगळ्या आणि रोग्यांना औषधोपचार हेही एक आहे.

मज्जातंतूंवरचा घाला

कुष्ठरोग हा कातडीचा रोग आहे, असा समज अजूनही आहे. वास्तविक तो मज्जातंतूंचाही रोग आहे, आणि त्याने येणारे अपंगत्व जवळजवळ सर्वस्वी मज्जातंतूंच्या हानीतून येते.

आपल्या शरीरातील अनेक मज्जातंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. विजेच्या तारेवरील रबरी वेष्टनाशी त्याची तुलना केली जाते. या आवरणामुळे संदेश एका सांध्यावरून दुसऱ्या सांध्यावर उड्या घेत अतिशय वेगाने धावतो. जाड आवरणाच्या तंतूंतून तो सेकंदाला शंभर मीटरपर्यंत जातो, तर आवरण नसलेल्या बारीक तंतूंत हाच वेग सेकंदाला एखाद-दोन मीटर इतका कमी असतो. हातापायांच्या मज्जातंतूंवरील हे आवरण श्वान पेशी तयार करतात. जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वान यांच्यावरून हे नाव पडले.

नॉर्वेच्या गेरहार्ड हॅन्सन यांनी १८७३ मध्ये, म्हणजे डेबूजींच्या जन्माच्या तीन वर्षे आधी, कुष्ठरोगाचा जंतू शोधला. हा जंतू नेमका श्वान पेशींत घर करतो. तेथे तो वर्षानुवर्षे सावकाश वाढतो. संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, कधी कधी वीस वर्षेही लागतात. जंतूंमुळे आणि त्यांच्याविरुद्ध शरीराने छेडलेल्या लढाईमुळे श्वान पेशी निकामी होतात, मायलिनचे आवरण तुटते, संदेश मंदावतो आणि अखेर आतला तंतूही मरतो. जंतूला थंडावा मानवत असल्याने कोपराजवळचा, गुडघ्यामागचा, चेहऱ्याचा असे त्वचेलगतचे मज्जातंतू आधी सापडतात. प्रथम उष्ण-थंड आणि वेदना कळेनाशी होते. मग स्नायू दुबळे होतात, बोटे आखडतात, पाऊल लोळते, पापणी मिटेनाशी होते.

बोटे झडतात असे लोक म्हणतात, परंतु हा रोग बोटे थेट खात नाही. चुलीवरचे तापलेले भांडे बधिर हाताला कळत नाही. कपाशीच्या शेतात अनवाणी चालणाऱ्याच्या पायात काटा मोडतो आणि तो दिवसभर तसाच चालत राहतो. जखम होते, ती चिघळते, पुन्हा पुन्हा होते आणि हाड झिजत जाते. पॉल ब्रँड या शल्यचिकित्सकाने १९४६ नंतर वेल्लोर येथे केलेल्या कामातून ही गोष्ट जगापुढे ठळकपणे आली. वेदना हा शरीराचा पहारेकरी असतो, आणि कुष्ठरोगात तो पहारेकरीच जागेवरून उठवला जातो.

औषध नव्हते तेव्हा

गाडगेबाबा वऱ्हाडात राबत होते, त्या काळात यातले फारच थोडे माहीत होते आणि खात्रीचा इलाज तर नव्हताच. कडू कवठाच्या तेलाची इंजेक्शने दिली जात, त्यांचा गुण बेभरवशाचा होता. १८९८ च्या कायद्याने निराधार महारोग्यांना पकडून वेगळे ठेवण्याची तरतूद केली होती. सल्फोन गटातील औषधे हाती येण्यास १९४० चे दशक उजाडावे लागले. तोवर रोग्याला घराबाहेर काढणे हाच सर्वमान्य उपाय होता.

अशा वेळी अक्षरशत्रू असलेला एक परीट काय करू शकणार होता? त्याने अन्न दिले, वस्त्र दिले, निवारा दिला आणि रोग्याला माणूस म्हणून पंगतीत बसवले. बधिर पायाच्या माणसाला दारोदार भटकावे लागले नाही, तर त्याच्या जखमा कमी होतात. पोटभर जेवण आणि स्वच्छ वस्त्र मिळाले, तर झालेली जखम भरण्याची शक्यता वाढते. बाबांच्या मनात वैद्यकाचा हा विचार असेलच असे नाही. त्यांनी माणूस उपाशी आहे आणि उघडा आहे एवढेच पाहिले. तथापि त्यांच्या कृतीचा परिणाम वैद्यकाच्या दिशेनेच होता.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. खराट्याने कुष्ठरोग जातो, असे म्हणणे चुकीचे ठरेल. हा जंतू प्रामुख्याने उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ सहवासात श्वासावाटे पसरतो असे मानले जाते, आणि बहुतेक माणसांत त्याला रोखण्याची शक्ती निसर्गतःच असते. बाबांच्या खराट्याने पटकी-विषमज्वरासारख्या घाणीतून येणाऱ्या रोगांना आळा घालण्याची वाट दाखवली. कुष्ठरोग्यांच्या बाबतीत झाडण्याजोगी घाण लोकांच्या मनात होती आणि तेथे कीर्तन हाच त्यांचा खराटा ठरला.

धर्मशाळांचा विस्तार

ऋणमोचननंतर बाबांचे कार्य महाराष्ट्रभर पसरले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९१७ पासून आकाराला आली. वारीला येणाऱ्या अस्पृश्यांना उघड्यावर पडावे लागे, त्यांच्यासाठी ती होती. नाशिक, देहू, आळंदी येथेही धर्मशाळा आणि सदावर्ते उभी राहिली. मूर्तिजापूरचे गोरक्षण १९२५ मधले. भाकड गाईंना तेथे आसरा मिळाला आणि जोडीला माणसांसाठी धर्मशाळा झाली. जे निरुपयोगी ठरले, ज्याला बाजारात किंमत उरली नाही, त्याला जागा द्यायची, हे एकच सूत्र जनावरांना आणि माणसांना सारखेच लागू होते.

या काळात बाबांवर घरचा आघातही झाला. ५ मे १९२३ रोजी त्यांचा मुलगा गोविंदा वारला. ती वार्ता कोकणात खारेपाटण येथे कीर्तनात असताना त्यांच्या कानी आली. त्यांनी कीर्तन थांबवले नाही. हा प्रसंग त्यांच्या वैराग्याचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. पण स्वतःचे दुःख बाजूस ठेवणाऱ्या या माणसाने इतरांचे दुःख कधीच बाजूस ठेवले नाही, हेही त्यासोबत सांगायला हवे.

लाखोंच्या देणग्या हातून गेल्या, तरी बाबांनी स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही. आपल्या पाया पडू नये, असा त्यांचा दंडक होता. १९४९ मध्ये पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. १९५४ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी राहिली. परगावाहून आलेला रुग्ण खाटेवर असतो, पण त्याची माणसे फुटपाथवर असतात, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. बाबांच्या ती आली.

विदर्भाची परंपरा

बाबा हयात असतानाच विदर्भात कुष्ठसेवेचे मोठे पर्व सुरू झाले होते. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये विनोबांच्या प्रेरणेने कुष्ठधाम सुरू केले. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये तपोवनचा पाया घातला. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांचे आनंदवन १९४९ चे. मूर्तिजापूरहून शकुंतला ज्या अचलपूरला जाई, त्याच्या परिसरात कोठारा येथे ख्रिस्ती मिशनचे कुष्ठरुग्णालय होते. या साऱ्यांचे मार्ग वेगळे होते. कुणी डॉक्टर होते, कुणी वकील, कुणी मिशनरी. पण महारोग्याच्या जवळ गेल्याने माणूस विटाळत नाही, हे खेड्यापाड्यांतील लाखो श्रोत्यांच्या गळी उतरवण्याचे काम गाडगेबाबांसारख्या कीर्तनकारानेच अधिक केले, यात शंका नाही.

डिसेंबर १९५६ मध्ये दोन आठवड्यांच्या अंतराने महाराष्ट्राने दोन माणसे गमावली. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. २० डिसेंबरला अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात गाडगेबाबांनी प्राण सोडला. अमरावतीत, आजच्या गाडगेनगरात, त्यांची समाधी आहे. अमरावती विद्यापीठाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले. अक्षरओळख नसलेल्या माणसाचे नाव विद्यापीठाला मिळावे, हा त्यांच्या कार्याचा उचित गौरवच होय.

दोन रुग्ण, दोन वागणुकी

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गियाँ-बारे सिंड्रोमची साथ आली, तेव्हा मायलिन हा शब्द अनेक शहरी घरांत प्रथमच पोहोचला. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते आणि त्याच्या अनेक प्रकारांत हेच आवरण नष्ट होते. दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले, पालिकांनी उपचारखर्चासाठी मदत जाहीर केली, शेजारीपाजारी रुग्णाच्या चौकशीला गेले. तसेच व्हायला हवे होते.

कुष्ठरोगातही मज्जातंतूंचे आवरणच जाते. परंतु त्या रुग्णाच्या चौकशीला कुणी येऊ नये, अशीच घरच्यांची इच्छा असते. एकाला सहानुभूती मिळते आणि दुसऱ्याला लपवले जाते. या लपवण्यातच खरे अपंगत्व तयार होते. कारण १९८० च्या दशकापासून या रोगावर तीन औषधांचा खात्रीचा उपचार उपलब्ध आहे. तो सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतो आणि सहा ते बारा महिन्यांत पूर्ण होतो. औषध सुरू झाल्यावर अल्पावधीतच रुग्णापासून संसर्गाचा धोका राहत नाही. मज्जातंतू नुकताच दुखावला असेल, तर पहिल्या सहा महिन्यांत योग्य औषधांनी त्याचे कार्य सुधारण्याची चांगली आशा असते. वेळ निघून गेली की जंतू मरतात, पण गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. लाजेपोटी वाया गेलेला महिना हा त्या अर्थाने एका बोटाची किंमत घेऊन जातो.

डिसेंबर २००५ मध्ये भारताने दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण हे राष्ट्रीय उद्दिष्ट गाठले. अनेकांना वाटले की रोग संपला. प्रत्यक्षात जगातील निम्म्याहून अधिक नवे रुग्ण अजूनही भारतातच सापडतात आणि त्यांची संख्या वर्षाला सुमारे एक लाख आहे. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण ठरवणारी तरतूद कायद्यातून हटण्यास २०१९ साल उजाडले. महात्मा गांधींच्या पुण्यतिथीला, ३० जानेवारीला, देशभर जी कुष्ठजागृती मोहीम निघते, तिला शासनाने स्पर्श हे नाव दिले आहे. रोग जी गोष्ट हिरावून घेतो आणि समाज जी गोष्ट नाकारतो, त्या दोन्हींचे नाव एकच आहे.

गाडगेबाबांना मायलिन ठाऊक नव्हते, जंतू ठाऊक नव्हता, औषधही ठाऊक नव्हते. आपल्याला हे तिन्ही ठाऊक आहे. तरीही अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा उठला, तेथे स्पर्श कळेनासा झाला, हातापायाला मुंग्या येऊ लागल्या, तर आजही माणूस डॉक्टरांआधी शेजाऱ्यांचा विचार करतो. ऋणमोचनच्या वाळवंटात शंभर वर्षांपूर्वी जी पंगत बसली, तिच्यात कुणाला उठवले जात नव्हते. आपल्या घरी, वस्तीत, कामाच्या जागी तशी पंगत बसली, तर चट्टा दाखवायला कुणी घाबरणार नाही आणि अनेकांचे हातपाय वाचतील. बाबांच्या पुण्यतिथीला गावे झाडली जातात, ती झाडावीतच. त्याच दिवशी घरातल्या माणसांच्या पाठीवरचा, हातावरचा एखादा बधिर चट्टा पाहून तो आरोग्य केंद्रात दाखवला, तर मूर्तिजापूरच्या मातीत वाढलेल्या या लोकसंताला ती खरी आदरांजली ठरेल.